बीजिंगचा शियांगशान: एका दिवसात डोंगर, राजबाग आणि बीयून मंदिर

बीजिंगला शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेली आपली मंडळी पहिल्या दोन सुट्ट्यांमध्ये राजवाडा आणि मोठी भिंत पाहून घेतात. तिसऱ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मला विचारणा होते, "आता कुठे जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: शियांगशानला जा. शहराच्या वायव्येला, मेट्रो आणि ट्रामने गाठता येणारा हा डोंगर आहे. शिखर साडेपाचशे मीटरहून उंच, आणि त्याच्या उतारावर आठशेहून जास्त वर्षांचा इतिहास पसरलेला.

बहुतेक नवखी माणसं तिथे जाऊन रोपवेने वर चढतात, फोटो काढतात आणि उतरून घरी येतात. माझी पहिली खेपही तशीच गेली. वर रेंगाळलो, जेवण लांबलं, आणि पायथ्याच्या बीयून मंदिरापाशी पोहोचलो तेव्हा दार लागलेलं होतं. आज मी कोणालाही सांगतो की या डोंगराचा सगळ्यात मोलाचा भाग ते मंदिर आहे आणि भारतातून आलेल्या माणसाने तर ते चुकवूच नये. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच हिशोबाने लावला आहे: पूर्व दाराने आत शिरायचं, पायी चढायचं, रोपवेने उत्तरेकडे उतरायचं आणि हातात दोन तास राखून बीयून मंदिरात जायचं.

कधी जावं

शियांगशानचं नाव निघालं की बीजिंगकर लाल पानांबद्दलच बोलतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत डोंगर तांबडा होतो. ही पानं मेपलची असतील असं वाटतं, पण बहुतेक झाडं हुआंगलू नावाची आहेत. त्यांची पानं गोल, साधारण रुपयाएवढी ते तळहाताएवढी, आणि उन्हाकडे धरली तर शिरा स्पष्ट दिसतात. खाली पडलेलं पान उचलून बघा, झाडाचं तोडू नका.

मात्र त्या तीन आठवड्यांत शनिवार-रविवारी तिथे जाऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटून चालतो, रोपवेच्या रांगेतच दोन तास जातात. लाल पानं बघायचीच असतील तर रजा टाकून मंगळवार-बुधवार गाठा आणि सकाळी आठच्या आत दारात उभे राहा. एप्रिलही फार सुंदर असतो, तेव्हा उतारावर रानपीच आणि जर्दाळू फुलतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि पाऊस. हिवाळ्यात कडाक्याची थंडी असते, पण बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी आकाश निळंभोर असेल तर सगळी कामं सोडून जा. "पश्चिम टेकड्यांवरचा बर्फानंतरचा उजेड" हे जुन्या बीजिंगच्या आठ नामांकित दृश्यांपैकी एक. अठराव्या शतकातल्या छियानलोंग सम्राटाच्या हस्ताक्षरातला त्याचा शिलालेख याच डोंगराच्या मध्यावर उभा आहे.

आदल्या रात्रीची तयारी

पासपोर्ट घ्या, मूळ प्रत. तिकीट ऑनलाइन आरक्षित करा किंवा दारात काढा, दोन्हीकडे तो लागतो. उद्यानाचं तिकीट अगदी स्वस्त, दहा युआनच्या आसपास. बीयून मंदिराचं आणि रोपवेचं तिकीट वेगळं, त्यात रोपवे महाग.

फोनमध्ये अलीपे किंवा वीचॅट चालू करून त्याला कार्ड जोडून ठेवा. भाजलेलं रताळं विकणाऱ्या आजीबाईही क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे करतात. थोडी रोकड खिशात असू द्या. गूगलचा नकाशा चीनमध्ये भरवशाचा नाही, त्यामुळे गाओड किंवा बायडूचा नकाशा उतरवून घ्या आणि भाषांतराचं अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालेल असं करून ठेवा. "香山公园东门" ही अक्षरं, म्हणजे शियांगशान उद्यानाचं पूर्व दार, फोनमध्ये चित्र म्हणून साठवा. रस्ता चुकलात तर कोणालाही दाखवता येतात.

लायटर आणि काडेपेटी घरीच ठेवा. हे जंगल आहे आणि वणव्याच्या बाबतीत इथले लोक फार कडक आहेत.

आता खाण्याचं. तुम्ही शाकाहारी असाल तर डबा न्याच. दशम्या, धपाटे, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दोन केळी. वर चहा, नूडल्सचे डबे, बिस्किटं मिळतात, पण नूडल्सच्या मसाल्यात मांसाचा अंश असतोच असं धरून चाला. "वो छ्र् सू" म्हणजे मी शाकाहारी आहे. हे समोरच्याला कळतं, पण मटणाच्या रश्श्यातली भाजीही बऱ्याच जणांच्या लेखी शाकाहारीच असते. थर्मास मात्र रिकामा नेलात तरी चालेल. चीनमध्ये गरम पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. "रश्वै" म्हटलं की भरून देतात. टिश्यूचं पाकीट खिशात हवंच.

बूट पकड असलेले घाला. पायऱ्या दगडी आहेत आणि हजारो पावलांनी गुळगुळीत झालेल्या आहेत.

जायचं कसं

मेट्रोच्या १० नंबरच्या मार्गाने बागोउ स्थानकाला उतरा. तिथून शिजियाओ मार्गाची ट्राम निघते, ती २०१७ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली. त्याआधी सगळे जण बसमध्ये तास-तास अडकायचे. शेवटचं स्थानक शियांगशान. शहराच्या मध्यातून पूर्ण प्रवासाला दहा युआनच्या आत पैसे लागतात. मेट्रोच्या दारात बॅग यंत्रातून जाते, पाण्याची बाटली असेल तर घोट घेऊन दाखवायला सांगतात. यात घाबरण्यासारखं काही नाही.

ट्राममध्ये जाताना उजव्या बाजूची खिडकी पकडा. यिहयुआन म्हणजे उन्हाळी राजवाडा मागे पडतो, मग युछ्वान टेकडीवरचा उंच मनोरा झाडांच्या वर दिसू लागतो. त्या टेकडीवर सामान्य माणसाला प्रवेश नाही, त्यामुळे तो मनोरा असा दुरूनच बघायचा. गर्दीच्या हंगामात ट्राम कधी कधी शेवटच्या स्थानकाला थांबत नाही. तसं झालं तर आधीच्या वनस्पती उद्यानाच्या स्थानकाला उतरा आणि चालत या.

स्थानकापासून पूर्व दारापर्यंत पंधरा मिनिटांची हलकी चढण आहे. वाटेत बाजारगल्ली लागते. भाजके चेस्टनट, रताळी, काडीला लावलेली पाकातली लाल आंबटगोड फळं. खरेदी परतीला करा, आत्ता हातात ओझं नको.

पूर्व दारातून आत

आत शिरताच समोर छिन्झंग दालन दिसतं, सम्राटाची कचेरी. बघताना ते जुनं वाटतं, पण ते आपल्या काळात पुन्हा बांधलेलं आहे. त्यामागची हकीकत इथेच उभं राहून समजून घ्या, म्हणजे पुढचा डोंगर वाचता येईल.

छियानलोंग सम्राटाने १७४५ साली या डोंगराची राजबाग करायला घेतली. नाव दिलं जिंगयी युआन, आणि आत अठ्ठावीस स्थळं नेमून प्रत्येकाला नाव दिलं. १८६० साली दुसऱ्या अफूच्या युद्धात इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगच्या राजबागा लुटल्या, आणि त्यांना लावलेल्या आगीत ही बागही जळाली. १९०० साली परकी फौजा पुन्हा आल्या आणि उरलंसुरलंही गेलं. इंग्रजांच्या १८६० च्या त्या फौजेत हिंदुस्थानातून बोटीने आणलेल्या पलटणी होत्या. जी अफू विकण्यावरून ही युद्धं झाली ती आपल्याच मातीत पिकवून घेतलेली होती, माळव्याची अफू तर मुंबई बंदरातून निघायची. हे दालन बघताना मला दर वेळी हे आठवतं, आणि बरोबर आलेल्यांना मी ते सांगतो. इथले रहिवासी भारतीय पाहुण्याशी आपुलकीने वागतात; त्यांच्या इतिहासातली ही जखम आपल्यालाही ठाऊक असावी.

दालनाच्या मागून डावीकडची, म्हणजे दक्षिणेची वाट धरा. जिंगच्वै तळं लागेल. तिथे फार थांबू नका.

जोडझऱ्यांचं घर आणि शाल वृक्षाचा शिलालेख

वीस मिनिटांत शुआंगछिंग नावाचं घर येतं. दोन झरे एकत्र येतात म्हणून छियानलोंगने तिथल्या खडकावर ही दोन अक्षरं कोरवली. १९१७ च्या महापुरानंतर माजी पंतप्रधान श्योंग शिलिंग यांनी अनाथ मुलांसाठी काम उभं केलं, १९२० मध्ये याच डोंगरावर मोठं बालकाश्रम सुरू केलं आणि स्वतः इथे घर बांधलं. पुढे १९४९ च्या मार्चअखेर माओ इथे राहायला आले आणि नव्या चीनच्या स्थापनेआधीचे महिने इथून कारभार चालला. तळ्याकाठच्या सहा खांबांच्या छत्रीखाली बसून, विरोधी राष्ट्रवादी सरकारची राजधानी नानजिंग पडल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचतानाचा त्यांचा फोटो चीनमधल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतो, त्यामुळे ती छत्री बघायला रांग असते. मला तिथला जुना गिंको वृक्ष जास्त आवडतो. ऑक्टोबरअखेर त्याची पिवळी पानं तळ्यावर पडून पाणी दिसेनासं होतं.

इथून वरच शियांगशान मंदिर. पाया ११८६ चा, जिन राजघराण्याच्या काळातला. दोन्ही आगींत ते नष्ट झालं आणि शंभराहून जास्त वर्षं इथे फक्त पायऱ्या, दगडी पडदा आणि शिलालेख उरले होते. आताच्या इमारती २०१७ मध्ये खुल्या झाल्या, त्यांचा रंग अजून ताजा आहे. त्या भराभर बघा, पण एका शिलालेखापाशी थांबा. छियानलोंगने इथल्या "सोलुओ" झाडावर केलेली कविता तिथे मांचू, चिनी, मंगोल आणि तिबेटी अशा चार लिप्यांत कोरलेली आहे. सोलुओ म्हणजे आपला शाल, ज्याच्या जोडवृक्षांखाली बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं तो. उत्तर चीनच्या थंडीत शाल जगत नाही. म्हणून इथल्या भिक्षूंनी सात पानांचा झुबका असलेल्या एका स्थानिक झाडाला तेच नाव दिलं आणि देवळादेवळांत लावलं. नाव भारतातून चालत आलं आणि झाड इथलं.

चढण

मंदिरापासून शिखरापर्यंत दीड तास धरा, लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर सव्वादोन. आतकरवाडीकडून सिंहगड चढणाऱ्याला दमछाक अशी होणार नाही. दम लागतो तो सलग पायऱ्यांमुळे. शेवटच्या टप्प्याचं जुनं नावच "भुताला धडकी" अशा अर्थाचं आहे. वाटेत सेनयूहू हा सरळसोट कडा लागतो, दरबारी माणूस सम्राटापुढे छातीशी धरायचा त्या जेडच्या पट्टीसारखा दिसणारा. तिथे सावली असते, डबा उघडायला हीच जागा चांगली.

चढताना तुमच्या पुढे निवृत्त आजी-आजोबा भराभर निघून जातील. खिशात छोटा रेडिओ, हातात पाण्याची बाटली. त्यांच्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं दर आठवड्याला येतात. एकदा एका आजोबांनी मला विचारलं, कुठले? भारताचा म्हणताच ते थांबले आणि म्हणाले, "कं दीहुआ!" आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला आले आणि १९४२ मध्ये इथेच, हेबेई प्रांतात, वारले. मी सोलापूरचा नाही, पण त्याच राज्यातला, एवढं मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं. त्यांनी पिशवीतून दोन अक्रोड काढून माझ्या हातावर ठेवले. हे नाव लक्षात ठेवा, जुन्या पिढीशी बोलायला याहून चांगली सुरुवात नाही.

शिखर

शिखराचं नाव श्यांगलू फंग, म्हणजे धुपाटण्याचं टोक. वरचे खडक धुपाटण्यासारखे दिसतात आणि सकाळचं धुकं धुरासारखं वर चढतं, म्हणून हे नाव, आणि त्यावरूनच डोंगराला शियांगशान, सुगंधी डोंगर, असं म्हणू लागले असं सांगतात.

पूर्वेकडच्या कठड्याशी उभे राहा. हवा स्वच्छ असेल तर आधी युछ्वान टेकडीचा मनोरा शोधा, त्यामागे उन्हाळी राजवाड्याचं तळं चकाकताना दिसेल. मग उजवीकडे सरकत गेलं की दूरदर्शनचा उंच मनोरा आणि अगदी लांब, शहराच्या पूर्व भागात, ५२८ मीटर उंचीची झोंगगुओ झुन इमारत. हवेच्या प्रदूषणाची पातळी सकाळी फोनवर बघून निघा. धुरकट दिवशी यातलं काहीच दिसत नाही आणि मग हा दिवस फक्त मंदिरांसाठी वापरावा.

वर अर्धा तास पुरे. दीडच्या सुमाराला उतरायला लागा.

खुर्चीतून खाली

रोपवे बंद डब्यांचा नाही. दोन माणसांची उघडी खुर्ची, पुढे एक दांडा. बॅग पाठीवरून काढून मांडीवर घ्या, टोपी आणि फोन सांभाळा. खुर्ची थांबत नाही, मागून गुडघ्यांना लागते तसं बसायचं आणि कर्मचाऱ्याने दांडा ओढला की पाय सैल सोडायचे. पहिल्या अर्ध्या मिनिटात पोटात गोळा येतो, मग सगळं शांत होतं. मोटारीचा आवाज नाही, फक्त प्रत्येक खांबावरून जाताना तारेची खडखड आणि पायाखाली झाडांचे शेंडे. साधारण १,४०० मीटर अंतर आणि चारशेवर मीटर उतार, वीसेक मिनिटं लागतात. चढताना डोंगराकडे तोंड असतं, उतरताना सगळं बीजिंग समोर असतं, म्हणूनच मी उतरतीचं तिकीट काढायला सांगतो. जोराचा वारा असेल तर रोपवे बंद ठेवतात, तेव्हा पायी उतरायला सव्वा तास हाताशी ठेवा.

खाली उत्तर दार जवळच आहे, पण आधी दहा मिनिटं दक्षिणेकडे चालून झाओ मंदिर बघून या. छियानलोंगच्या सत्तरीच्या सोहळ्याला तिबेटी बौद्धांचे मोठे धर्मगुरू सहावे पंचेन लामा तिबेटहून आले, त्यांच्या मुक्कामासाठी १७८० मध्ये ते बांधलं. जाडजूड लाल तिबेटी भिंती, आणि मागे हिरव्या-पिवळ्या चकाकत्या विटांचा सात मजली अष्टकोनी मनोरा. १८६० च्या आगीतून हा मनोरा वाचला. प्रत्येक मजल्याच्या कडांना पितळी घंटा आहेत. वारा असेल तर खाली बसून ऐका. पंचेन लामा मात्र परत गेले नाहीत, त्याच वर्षी बीजिंगमध्ये देवीच्या रोगाने वारले.

बीयून मंदिर

तीनच्या आत इथे पोहोचायचं. मंदिर उद्यानाच्या आधी बंद होतं आणि तिकीट त्याहून आधी थांबतं.

बीयून म्हणजे निळ्या ढगांचं मंदिर. युआन राजघराण्याच्या काळात इथे मठ झाला, पुढे मिंग राजघराण्याच्या काळात दरबारातल्या बलाढ्य खोजांनी स्वतःच्या समाधीसाठी तो वाढवला. त्यांच्यापैकी वै झोंगश्येन याला सत्ता गेल्यावर गळफास घ्यावा लागला. चौकामागून चौक डोंगरावर चढत जातात, म्हणून इथेही पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर सावकाश जा.

डावीकडे पाचशे अर्हतांचं दालन आहे, १७४८ चं. लाकडी मूर्ती, सोन्याचा मुलामा, माणसाएवढ्या, रांगेने बसलेल्या. एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. कोणी कान कोरतो आहे, कोणी हसतो आहे, कोणी मांडीवरच्या पोराला धरून बसला आहे असं वाटतं. मूर्ती एकूण ५०८. सगळ्यांचं लक्ष समोर असतं, तुम्ही मान वर करा. तुळईवर एक छोटी मूर्ती बसली आहे, जी-गोंग या अवलिया भिक्षूची. लोकांना मदत करता करता त्याला उशीर झाला, तोवर सगळी आसनं भरली होती, म्हणून तो वर जाऊन बसला, अशी कथा आहे. लहान मुलांना ही मूर्ती शोधायला लावा.

त्याच्या वरच्या चौकात चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांचं स्मारक दालन. १२ मार्च १९२५ ला बीजिंगमध्ये ते वारले आणि त्यांचं पार्थिव याच मंदिरात ठेवलं गेलं. १९२९ मध्ये ते नानजिंगच्या डोंगरावरच्या समाधीत नेलं. सोव्हिएत सरकारने पाठवलेली पोलाद आणि काचेची शवपेटी उशिरा पोहोचली, ती वापरलीच गेली नाही, आजही दालनात आहे.

आणि सगळ्यात वर वज्रासन स्तूप. पांढऱ्या दगडाचा जवळजवळ पस्तीस मीटर उंच डोलारा, १७४८ साली उभारलेला. चौथऱ्यावर पाच मनोरे, मधला उंच, चार कोपऱ्यांना चार. पाहताक्षणी ओळख पटते: हा बोधगयेच्या महाबोधी मंदिराचा नमुना. वज्रासन म्हणजे बोधिवृक्षाखालची ती जागा जिथे बुद्ध बसले. जोत्यावर हाताच्या उंचीला कोरलेले हत्ती, सिंह, बुद्ध आणि बोधिसत्त्व आहेत. हत्तीजवळ जा. ज्यांनी हत्ती क्वचितच पाहिला असेल अशा कारागिरांनी तो घडवला आहे. कान जरा लहान, पण डोळा अगदी आपल्याकडच्या हत्तीसारखा मिटल्यासारखा. सुन यत-सेन यांचं पार्थिव नानजिंगला नेलं तेव्हा त्यांचे कपडे आणि टोपी याच स्तूपात ठेवली. वर जायचा जिना कधी उघडा असतो, कधी बंद. बंद असला तरी पायथ्याशी बसा. चारनंतर उन्हं पाठीमागच्या डोंगराआड जातात, दगड राखाडी होतो आणि खालच्या चौकातल्या सोनचाफी छपरांवर तेवढं ऊन उरतं.

परत

मंदिरातून बाहेर पडून खाली उतरत गेलं की ट्रामचं स्थानक वीस मिनिटांवर. बाजारगल्लीतून जाताना आता रताळं घ्या, पत्र्याच्या पिंपात भाजलेलं, साल करपलेली आणि आत मध सुटलेला. वर्तमानपत्रात गुंडाळून देतात आणि ट्राम येईपर्यंत हात गरम राहतात.